धार लागली हे कळतं कसं?

गेल्या अंकात घरच्या घरी दगडावर सुरीला धार कशी लावावी ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी स्वयंपाकी नव्हे. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारांच्या विभागात, एकतीस वर्षं कटर, ड्रिल, रीमर अशा धातू कापायच्या हत्यारांना धार लावली. आता निवृत्त आहे. घरातली जड चिराचिरीही माझ्याकडे आली आहे, ती का आली ते शेवटच्या पत्रात येईल.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हजार नंबरचा दगड आणला, भिजवला, अर्धा तास सुरी घासली. पातं चकचकीत झालं, पण टोमॅटो अजूनही कापायच्या आधी दबतो. दगड वाईट आहे, सुरी वाईट आहे की माझा हात?

तिन्ही ठीक आहेत. तुम्ही थांबायच्या जागी थांबला नाहीत, एवढंच. किती वेळ घासलं यावरून धार लागल्याचं कळत नाही. ते कळतं बोटाला.

पात्याची एक बाजू दगडावर घासत गेलं की शेवटी घासणं अगदी कडेपर्यंत पोचतं. तिथे पोलाद इतकं पातळ होतं की ते झिजण्याऐवजी वाकतं आणि पलीकडच्या बाजूला एक अतिसूक्ष्म किनार उलटते. टूलरूममध्ये आम्ही तिला बर म्हणायचो. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, पण अंगठ्याला लागते. सुरी कोरडी करा आणि जी बाजू दगडावर नव्हती त्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून बाहेर, हलकेच सरकवा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही. बर आलेली असेल तर अगदी शेवटी काहीतरी अडल्यासारखं वाटेल, नखाचा तुटका कोपरा कापडात अडकतो तसं. ही अडकण टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या शेवटापासून, टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये दोन इंच लागली आणि टोकाकडे गुळगुळीत असेल, तर टोकाकडे अजून धारेपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. बर सलग आली की मगच बाजू बदलायची, आणि दुसऱ्या बाजूनेही ती येईपर्यंत घासायचं.

तुमच्या पत्रातला ‘चकचकीत’ हा शब्द मी दोनदा वाचला. पातं चकचकीत झालं याचा अर्थ तुम्ही सुरी फार आडवी धरलीत, धारेच्या वरचा भाग घासला जातोय आणि धार अधांतरी राहतेय. हे पडताळायला मार्कर पेन घ्या आणि धारेलगतची दोन-तीन मिलिमीटर पट्टी दोन्ही बाजूंनी काळी करा. दगडावर चार-पाच वेळा सुरी फिरवा आणि बघा. काळा रंग वरच्या बाजूने गेला आणि धारेपाशी शिल्लक राहिला, तर पाठ थोडी उचला. फक्त धारेवरचा गेला, तर पाठ थोडी खाली आणा. सगळी पट्टी सारखी पुसली गेली की तो तुमच्या सुरीचा कोन. मी शिकाऊ उमेदवार असताना रंगाऐवजी निळी शाई वापरायचो, पद्धत तीच.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. चौकोनी कागदाचा कोपरा नव्वद अंशांचा असतो. तो एकदा दुमडला की पंचेचाळीस. त्या पंचेचाळीसची समान तीन घडींत विभागणी केली की प्रत्येक घडी पंधरा अंशांची. ही पाचर दगडावर ठेवायची, सुरी तिला टेकवायची आणि पाठ किती उंच आली ते डोळ्यात भरून घ्यायचं. आकड्यातच हवं असेल तर, पातं ४५ मिलिमीटर रुंद असल्यास पंधरा अंशांसाठी पाठीचा मध्य दगडापासून साधारण साडेअकरा मिलिमीटर वर येतो आणि वीस अंशांसाठी साधारण साडेपंधरा. म्हणजे पंधरा ते वीस अंशांच्या मध्ये राहायचं तर आपल्या हाताच्या चुकीला जागा आहे ती फक्त चार मिलिमीटरची. पण त्या चार मिलिमीटरमध्ये हात एकाच जागी स्थिर राहिला तर सोळा अंश झाले की अठरा याने घरच्या स्वयंपाकात काही बिघडत नाही. हात हलत राहिला की मात्र धार गोल होते.

आता शेवटचा टप्पा, जिथे बहुतेकांची मेहनत वाया जाते. दोन्ही बाजूंनी बर आणली आणि सुरी तशीच वापरायला घेतली, तर पहिल्या मिनिटाला ती सपासप चालते आणि पाचव्या मिनिटाला बोथट वाटते, कारण तुम्ही धारेने नाही, त्या लटकत्या बरेने कापत असता. ती लगेच मुडपते. म्हणून बर काढावी लागते. एक फिरकी या बाजूने, एक त्या बाजूने, धार पुढे ठेवून, आणि प्रत्येक वेळी दाब कमी करत. शेवटी सुरीचं स्वतःचं वजनसुद्धा जास्त वाटलं पाहिजे. दाबाचा अंदाज येत नसेल तर दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून घासून बघा. सुरुवातीला मी दीड किलोच्या आसपास दाब देतो, शेवटच्या फिरकीला दोनशे ग्रॅमच्या आत. यानंतर सुरी एकदा बाटलीच्या मऊ बुचातून ओढली आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने आठ-दहा वेळा फिरवली की उरलीसुरली बर जाते.

आणि मग दिव्याखाली धरा, धार वर आणि डोळ्यासमोर. बोथट जागा प्रकाश परतवते, पांढरी रेघ किंवा ठिपके दिसतात. खरी धार दिसत नाही. तिथे काहीच नाही असं वाटतं, तेव्हा टोमॅटो आणा.

घर नव्याने मांडतोय. बारा-चौदा सुऱ्यांचा लाकडी ठोकळ्यासकट संच घ्यावा का?

नको. तीन घ्या. वीस सेंटीमीटरच्या आसपास पात्याची एक मोठी सुरी, आठ-दहा सेंटीमीटरची एक छोटी, आणि पाव किंवा कडक सालीच्या गोष्टींसाठी एक दातेरी. पैसे मोठीवर खर्च करा, कारण नव्वद टक्के वेळ तीच हातात राहणार आहे. उरलेल्या पैशांतून दगड घ्या. संचातल्या सुऱ्यांपैकी बऱ्याच ठोकळ्यातून बाहेरच निघत नाहीत, हे मी ज्या ज्या घरी धार लावून दिली तिथे पाहिलं आहे.

मोठी सुरी घेताना नाव आणि नक्षी बाजूला ठेवा. पातं डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीतून पाहावं तसं पाठीवरून टोकाकडे बघा, वाक किंवा पीळ असेल तर लगेच दिसतो. मग मूठ बघा, पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे फट असेल तर पाणी शिरणार. सुरी फळीवर टेकवून मुठीभोवती बोटं आवळा, बोटांची पेरं फळीला घासता कामा नयेत. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. धारेच्या जरा वर, पाच-सहा मिलिमीटरवर, पातं चिमटीत धरून त्याची जाडी बघा. तिथे पातं जाड असेल तर धार कितीही लावा, गाजर चिरताना सुरी पाचरीसारखी शिरते आणि गाजर कट्कन तडकतं. तिथे पातळ असलेली साधी सुरी तिथे जाड असलेल्या महागड्या सुरीपेक्षा चांगली चालते. घणाने घडवलेली की पत्र्यातून कापून काढलेली, हा वाद त्यापुढे मला गौण वाटतो.

धरायची कशी, तेही लिहितो. मूठ मागून धरून तर्जनी पाठीवर ताणू नका. अंगठा आणि तर्जनीने पात्याचाच मागचा भाग चिमटीत घ्यायचा आणि उरलेली तीन बोटं मुठीवर. दुकानात अशी धरून बघा. पाठीची कड बोटाला रुतली, तर रोज रुतेल.

जपानी सुरी जास्त कडक असते म्हणून ती जास्त चांगली, असं ऐकलं. खरं का?

कडकपणा मोजायची रॉकवेल नावाची पद्धत आहे. हिऱ्याचं शंकूसारखं टोक ठरावीक भाराने पोलादात दाबतात आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा काढतात. सुरीच्या माहितीपत्रकावर ‘एचआरसी’ लिहिलेला असतो तो हाच. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराकडच्या नेहमीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५८ असतात. त्यांच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का आणि क्रोमियम १४-१५ टक्के. जपानच्या साकाई, सेकी या शहरांतल्या बऱ्याच सुऱ्या ६० च्या पुढे जातात, त्यात कार्बन एक टक्का किंवा त्याहून जास्त.

कडक पोलाद मुडपत नाही, म्हणून त्याला अधिक बारीक कोन पेलतो आणि धार टिकते जास्त. पण मुडपत नाही ते तुटतं. भोपळ्यात सुरी अडकली आणि तुम्ही ती पिळून काढली, तर मऊ सुरीची धार कलेल, कडक सुरीचा टवका उडेल. कलली तर मिनिटभरात सरळ होते. टवका काढायला दगडावर तासभर जातो. तेव्हा घरात एकटेच चिरत असाल आणि हात सांभाळून असेल, तर कडक सुरी घ्या, तिचा आनंद खरोखर वेगळा आहे. चार जण हाताला येईल ती सुरी उचलत असतील तर ५६-५७ ची घ्या. आमच्या घरी दोन्ही आहेत, आणि कडक सुरी वरच्या फळीवर असते.

सुरी जिच्यावर फिरवतात त्या गोल सळीबद्दलही अनेकांनी विचारलं. ती सळी धार लावत नाही, कललेली धार सरळ करते आणि थोडीशी घासते. मऊ सुरीवर दर दोन दिवसांनी हलक्या हाताने तीन-चार फिरक्या पुरतात. कडक सुरीवर पोलादी सळी वापरू नका, तिला सिरॅमिकची सळी घ्या किंवा चामड्याचा पट्टा. आणि सळीने फरक पडेनासा झाला की दगड काढायचा दिवस आला असं समजा.

आईची जुनी सुरी यंत्राच्या चाकावर धार लावून आणली. टोकाकडे निळसर-जांभळा डाग आला आहे आणि तिथली धार आठवड्यात जाते. डाग घासून काढू का?

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. डाग निघेल, पण तो डाग हा आजार नाही, लक्षण आहे.

पोलाद लाल तापवून विझवतात, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. त्याने ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग त्याचा ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवतात, सुऱ्यांसाठी बहुधा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास. साधं पोलाद निळं दिसायला तीनशेच्या आसपास तापावं लागतं, स्टेनलेसला त्याहूनही जास्त. म्हणजे त्या टोकाने चाकावर आपल्या मर्यादेपलीकडची उष्णता पाहिली आणि तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. पातळ धार क्षणात तापते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक कटर असाच निळा झाला होता. आमच्या मास्तरांनी तो माझ्या टेबलावर वर्षभर तसाच ठेवायला लावला.

उपाय आहे. मऊ झालेला भाग सहसा कडेपासून थोडाच आत असतो. भरड दगडावर, म्हणजे कमी नंबरच्या, २२० किंवा ४०० च्या, भरपूर पाणी घेऊन, हाताने, निळा भाग संपेपर्यंत ते टोक मागे न्या. सुरी काही मिलिमीटर लहान होईल. खाली पुन्हा चांगलं पोलाद लागेल आणि धार टिकायला लागली की ते तुम्हाला कळेल. यापुढे यंत्रावर द्यायचीच असेल तर चाकावर पाणी पडतं का ते विचारा, आणि पडत नसेल तर धार लावणारा पातं दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवतो का ते उभं राहून बघा. आईची सुरी आहे, तेवढं उभं राहावं.

स्टेनलेस सुरीवर तपकिरी ठिपके कसे आले?

स्टेनलेसला गंज कमी चढतो, अजिबात चढत नाही असं नाही. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पात्यावर एक न दिसणारा थर बनतो, तो पोलाद राखतो. मीठ या थराला जागोजागी भेदतं. खारट किंवा आंबट लागलेली सुरी रात्रभर मोरीत राहिली की ठिपके येणारच. बेकिंग सोड्याच्या ओल्या पिठीने घासा, जातील. वापरून झाली की लगेच धुऊन पुसायची, डिशवॉशरमध्ये घालायची नाही. तिथला क्षार आणि भांड्यांची आदळआपट दोन्ही धारेच्या मुळावर येतात.

मी डावखुरी आहे. वेगळी सुरी लागते का?

दोन्ही बाजूंनी सारखा उतार असेल तर लागत नाही. एकाच बाजूने उतार दिलेल्या काही पारंपरिक जपानी सुऱ्या उजव्या हातासाठी असतात, त्या तुमच्या हातात कापताना एका बाजूला ओढतील. त्यांच्या डाव्या हाताच्या सुऱ्या वेगळ्या मिळतात. दातेरी सुरी घेतानाही बघा, दाते बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात.

काचेच्या फळीवर चिरलं तर चालेल का? स्वच्छ राहते.

नाही. काच, दगड, स्टील, यांतलं काहीही नको. काच धारेखाली जराही दबत नाही, दहा मिनिटांत धार मुडपते. लाकूड किंवा मऊ प्लॅस्टिक घ्या. आणि चिरलेलं गोळा करताना धारेने फळी खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ओढा. ही सवय लागली की एकदा लावलेली धार स्पष्टपणे जास्त दिवस टिकते.

वय अडुसष्ट. सुनेने हौसेने नवी सुरी आणली, इतकी धारदार की मला भीती वाटते. ती कपाटात ठेवून मी जुनी बोथट वापरते. मनगट दुखतं, पण निदान बोट तरी कापत नाही. ती माझ्यावर थोडी नाराज आहे. काय करू?

ताई, तुमची भीती मला अगदी जवळची वाटते, म्हणून हे पत्र शेवटी ठेवलं.

आमच्या हिच्या अंगठ्याच्या सांध्यात सात वर्षांपूर्वी दुखणं सुरू झालं. मी दिवसभर कारखान्यात हत्यारं केसाच्या जाडीत मोजत होतो आणि घरात ही ज्या सुरीने कांदा चिरायची तिला मी कधी हात लावला नव्हता. एका संध्याकाळी ही गाजर चिरताना मी शेजारी उभा होतो. तिने दुसरा तळहात सुरीच्या पाठीवर ठेवून सगळं अंग वर टाकलं, तेव्हा गाजर तुटलं, आणि सुरी फळीवर आपटून बाजूला सरकली. बोटापासून एवढीशी दूर. त्या रात्री मी ती सुरी घासली. सकाळी हिने गाजर घेतलं आणि सवयीने जोर लावला, मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून जड चिराचिरी माझ्याकडे आणि धारही माझ्याकडे.

बोथट सुरी कापते ती जोराने, आणि जोर लावलेला हात घसरला की थांबवता येत नाही. वजनकाटा असेल तर फळी त्यावर ठेवा, आधी जुन्या सुरीने जाड गाजर कापा, मग नव्या सुरीने. आकडा कुठवर चढतो ते बघा. तो फरक तुमच्या मनगटाने रोज सोसला आहे. कांद्याचंही तसंच आहे. बोथट सुरी त्याच्या पेशी चिरडते, जास्त रस उडतो आणि डोळ्यांना जास्त झोंबतं.

पण भीती घालवायला मी तुम्हाला सांगणार नाही, तिला काम देऊ. फळीखाली ओलं फडकं पसरा, फळी हलता कामा नये. धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडा, नखं आत आणि मधलं पेर पुढे, आणि सुरीचं पातं त्या पेराला टेकून खाली-वर होऊ द्या. पातं पेरापेक्षा वर उचलायचं नाही. सुरी हातातून सुटली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची नाही. पहिले चार दिवस फक्त काकडी, तीही लांबीने अर्धी करून, सपाट बाजू खाली ठेवून. घाई नाही. सुरीला दाबू नका, पुढे ढकलत खाली येऊ द्या. सुनेलाही शेजारी बोलवा, तिला तुमच्या हाताचा वेग दिसेल आणि तुम्हाला सुरीचा.

जुनी सुरी टाकू नका. घरात कुणाला धार लावायला शिकायची असेल तर सरावाला तीच द्या, बिघडायची भीती नसलेली सुरी शिकणाऱ्याला हवीच असते. बर आली का ते तुम्ही तुमच्या अंगठ्याने तपासा, पाठीकडून धारेकडे.